धोंड कोण लोटील? : वाचकांची पत्रं, सिस्टरबाईंची उत्तरं

सलाम.

नाताळाच्या सुमारास जी पत्रं येतात त्यांत करंज्या तेलात का फुटतात आणि मुलांच्या नाटकात हेरोद कुणाला करावं, असले प्रश्न असतात. ईस्टरच्या तोंडावर मात्र माणसं मरणाबद्दल लिहितात. या खेपेला टेबलावर सतरा पत्रं आहेत. त्यांतली पाच इथे घेते, बाकीच्यांना पोस्टकार्ड टाकीन. गुडघे गेलेत, पण हात अजून चालतो.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी पाळक नव्हे. चौतीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते आणि त्याहून जास्त वर्षं पाळकीणबाई. शास्त्रातलं काही अडलं की यजमानांना विचारायची. ते ख्रिस्तवासी झाल्याला आता दोन ईस्टर होतील. त्यांचं बायबल माझ्याकडे आहे, समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं. अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट, पण मला ते लागतं.

प्रश्न : माझे वडील १८ एप्रिल २०२१ रोजी कोविडने गेले. आम्हाला चेहराही दाखवला नाही. पिशवीतून थेट कबरस्थानात नेलं. पाळकसाहेबांनी गेटबाहेरून फोनच्या स्पीकरवर प्रार्थना केली. पपांना रोज केसांना खोबरेल लावून भांग पाडल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि शेवटी त्यांच्या अंगावर काय होतं हेसुद्धा आम्हाला ठाऊक नाही. दर ईस्टरला सगळे 'प्रभू उठला आहे' म्हणतात आणि मला पिशवीची चेन ओढल्याचा आवाज येतो. आई म्हणते, विश्वासणाऱ्याने इतकं रडू नये. माझा विश्वास कमी आहे का? (एक मुलगी, श्रीरामपूर)

पोरी, विश्वास मोजायचा काटा माझ्याकडे नाही, आणि असता तरी तुला त्यावर बसवलं नसतं. तुझं पत्र वाचून मी चष्मा काढून ठेवला, चहा टाकला आणि मग यजमानांचं बायबल उघडलं.

ईस्टरला आपण गाणी गातो ती गोष्टीच्या शेवटाकडची. तिची सुरुवात कुठून झाली बघ. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला वधस्तंभावर येशूचा प्राण गेला. सूर्य मावळला की शब्बाथ लागणार, म्हणजे सगळं काम बंद. हाताशी उरले दोन-तीन तास. अरिमथाईचा योसेफ रोमी सुभेदार पिलाताकडे गेला, देह ताब्यात घ्यायची परवानगी मागितली, तागाचं कापड विकत आणलं, देह गुंडाळून खडकात खोदलेल्या कबरेत ठेवला आणि तोंडावर धोंड लोटली. बायका कुठे होत्या? कुठे ठेवतात ते बघत होत्या. मार्काच्या शुभवर्तमानात एवढंच आहे. परवानगी, घाई, गुंडाळलेला देह आणि नुसती बघत उभी राहिलेली आपली माणसं. तुझ्या पत्रात आहे तेच.

योहानाचं शुभवर्तमान सांगतं की निकदेम नावाच्या एका माणसाने गंधरस आणि अगरू आणलं होतं, आजच्या मापाने तीस किलोच्या वर. तरीही मार्क आणि लूक म्हणतात की बायका रविवारी पहाटे आपली सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्याच. पुरुषांनी घाईत उरकलेलं काम त्यांना पटलं नसणार, असं माझं खासगी मत आहे. यजमानांना ते कधी मान्य झालं नाही.

सांगायचं ते हे, की ईस्टरच्या पहाटे पहिल्यांदा जी माणसं घराबाहेर पडली ती अर्धवट राहिलेली मयताची सेवा पुरी करायला निघाली होती. त्यांना आशा वगैरे काही नव्हती. कुणी मेलेल्याला उटणं लावायला जातं ते तो मेलाय हे धरूनच. आणि वाटेत त्यांचं आपसात काय चाललं होतं? धोंड कोण लोटील? आपल्याला तर हलणार नाही. उत्तर एकीकडेही नव्हतं. इथे समासात यजमानांनी लिहिलंय, 'निघाल्या तेव्हा त्यांच्या हिशेबी धोंड जागच्या जागी.' हे मी शंभरदा वाचलं असेल.

आता मी बघितलेलं लिहिते. २०२१ साली मी निवृत्त होते, पण माणसं कमी पडत होती म्हणून एका कोविड सेंटरवर सात आठवडे रात्रपाळी केली. पिशवी बंद होण्याआधी काय घडतं हे घरच्यांना कधी कळलं नाही. तुझ्या पपांपाशी कोण होतं ते मी सांगू शकत नाही. आमच्या पाळीला एक आयाबाई होत्या. कोमट पाण्यात कापूस बुडवून त्या तोंड पुसायच्या. दोन-दोन हातमोजे चढवलेल्या हाताने डोळे मिटवायच्या. नाकाच्या हाडावर ऑक्सिजनच्या मास्कचा वळ उठलेला असायचा, तो अंगठ्याने हळूहळू चोळायच्या, जसा काही चोळून जाणार आहे. केसपेपरवरचं नाव मला मोठ्याने वाचायला लावायच्या आणि चेन ओढताना त्या नावाने हाक मारून म्हणायच्या, "चला भाऊ, लई दमलात." बाई ख्रिस्ती नव्हत्या. पण कबरेकडे निघालेल्या त्या बायका डोळ्यांपुढे आणते तेव्हा त्यांतल्या एकीला मी त्यांचाच चेहरा देते.

पंडिता रमाबाईंनी आपल्या आईच्या मरणाची हकीकत लिहून ठेवलीय. दुष्काळ, उपासमार, वडील आधीच गेलेले. आई गेली तर तिरडी उचलायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, आणि चौथी सोळा-सतरा वर्षांची रमा. तिची उंची कमी, खांद्याला पुरेना, म्हणून आपल्या बाजूचा भार तिने डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर. पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, आणि १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेली. याच बाईंनी केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुली सांभाळल्या आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. त्यांचा विश्वास कमी होता असं तुझ्या आईसुद्धा म्हणणार नाहीत. आणि त्या रडल्या नसतील असं मी म्हणणार नाही.

आईंवर रागावू नकोस मात्र. त्या स्वतःला दटावतायत, आवाज तुझ्याकडे येतोय.

आणखी एक. मार्काच्या सोळाव्या अध्यायातलं आठवं वचन काढून बघ. कबर रिकामी, आत पांढऱ्या झग्यातला तरुण सांगतोय की तो उठलाय, आणि बायका थरथरत पळत सुटतात, भीतीमुळे कुणाला काही बोलत नाहीत. चौथ्या शतकातली जी दोन सर्वांत जुनी पूर्ण हस्तलिखितं आहेत त्यांत मार्काचं शुभवर्तमान इथेच थांबतं. पुढची वचनं त्यांत नाहीत. म्हणजे पहिल्या ईस्टरला पहिल्या साक्षीदारांनासुद्धा 'हालेलुया' म्हणता आलं नव्हतं. तुला पाच वर्षांत म्हणता आलं नाही, तर त्यात घाबरण्यासारखं काय आहे? यंदाही जमलं नाही तर गप्प बस. शेजारची म्हणेल. चर्चच्या मंडळीत शंभर माणसं असतात ती त्यासाठीच.

आता काम सांगते, कारण नुसतं ऐकून तुझं भागायचं नाही. ईस्टरच्या पहाटे पपांच्या कबरेवर जा. बादलीभर पाणी आणि काथ्या घेऊन जा, दगड घासून धुऊन काढ. मग खोबरेलाची बाटली काढ आणि त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून तेलाचं बोट फिरव. सावकाश, एकेका अक्षरावरून. त्यांचा कंगवा घरात असेल तर तोही ने. मंडळीतला कुणी म्हणालाच की ही मूर्तिपूजा झाली, तर त्याला सांग की याकोबाने बेथेलला दगडावर तेल ओतलं होतं, आणि बाकीचं भांडण माझ्याकडे पाठव.

प्रश्न : ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते? नाताळासारखी एकच का नाही? (एक वाचक, जालना)

कारण ती चंद्र ठरवतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. मुळात येशूचं मरण यहुद्यांच्या वल्हांडणाच्या सणात झालं आणि तो सण पौर्णिमेचा. सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं निकियाच्या धर्मसभेत ३२५ साली ठरलं. पूर्वेकडच्या चर्चेस अजून जुन्या पंचांगाने मोजतात म्हणून त्यांचा ईस्टर बहुधा वेगळा पडतो. २०२५ साली मात्र दोन्ही २० एप्रिललाच आले होते.

आपल्याला सोपी खूण अशी, की ही पौर्णिमा कधी होळीची असते, कधी हनुमान जयंतीची. २०२४ ला २५ मार्चला धुळवड आणि ३१ ला ईस्टर होता. २०२६ ला २ एप्रिलला हनुमान जयंती, ३ ला गुड फ्रायडे, ५ ला ईस्टर. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात मारुतीचा सुंठवडा खाऊन मग वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकायला जायचं, असं लहानपणापासून चालत आलंय.

यजमान एक गंमत विचारायचे. पौर्णिमेची रात्र होती तर गेथशेमाने बागेत येशूला धरायला आलेल्या शिपायांनी मशाली आणि कंदील कशाला नेले? कुणाकडूनच त्यांना धड उत्तर मिळालं नाही.

प्रश्न : मागच्या आठवड्यात गारपीट झाली. माझा सव्वादोन एकर उन्हाळी कांदा काढणीला आला होता. पात मोडली, कांद्याला मार बसला, आता तो चाळीत टिकायचा नाही. सोसायटीचं कर्ज आहे, बँकेचं आहे, बायकोचे दागिने गहाण आहेत, वर गावातल्या एकाकडून महिना पाच टक्क्यांनी घेतलेत. मी मंडळीच्या पंचात आहे, सांगायची लाज वाटते. झोप येत नाही. रात्री विहिरीवर जाऊन बसतो. पुनरुत्थानाचा माझ्या कर्जाशी काय संबंध आहे ते स्पष्ट सांगा. (नेवासा तालुका)

हे पत्र छापून येण्याची वाट मी बघितली नाही. खाली नंबर होता, त्याच संध्याकाळी फोन लावला. विहिरीपासून सुरुवात केली, कर्ज मागाहून. भाऊ आता बरे आहेत, रात्री घरात झोपतात, आणि त्यांच्याच परवानगीने हे देते, कारण असं पत्र लिहायलाही ज्यांना जमत नाही अशी घरं आपल्या तालुक्यांत पुष्कळ आहेत.

दादा, जे फोनवर बोलले तेच इतरांसाठी पुन्हा लिहिते. पहिलं, आजच्या आज घरातल्या एका माणसाला खरं सांगायचं. बायकोला सांगा, तिला अर्धं आधीच कळलेलं असतं. दुसरं, फवारणीच्या औषधांचे डबे घरातून हलवून भावकीत किंवा शेजारी ठेवा आणि किल्ली त्यांच्याकडेच असू द्या. तिसरं, रात्री मन फार जड झालं तर १४४१६ वर फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी पुरुषांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काढली. अशा वेळी वाचलेली माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी शुद्धीवर आली की भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मग हळूच विचारायची, "सिस्टर, मी वाचेन ना?" असं विचारणारे मला फार भेटले. मेलो असतो तर बरं, म्हणणारे फार थोडे.

आता तुमचा प्रश्न. स्पष्ट विचारलात तर स्पष्ट सांगते : पुनरुत्थानाने व्याज माफ होत नाही. योहानाचा एकविसावा अध्याय वाचा. प्रभू उठला हे त्याच्या शिष्याला, पेत्राला, कळलेलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि तो काय म्हणाला? मी मासे धरायला जातो. पोट कुणाला चुकलंय? रात्रभर जाळं टाकलं, हाताला काही लागलं नाही. उजाडताना काठावर कुणीतरी उभा, तो विचारतो, पोरांनो, काही मिळालं का? हे 'नाही' म्हणतात. मला या जागी नेहमी वाटतं, त्यांना तोंडाने 'नाही' म्हणावं लागलं हे बरं झालं. तुम्ही दोन महिने मंडळीत सगळ्यांना 'बरं आहे, बरं आहे' म्हणत होतात.

ते काठावर आले तर तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला, वर मासळी, बाजूला भाकर. उठलेल्या प्रभूने आधी उपदेश केला नाही, आधी न्याहारीला बोलावलं. ग्रीकमध्ये कोळशाच्या विस्तवासाठी जो शब्द इथे आहे तो नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो, असं यजमान सांगायचे : प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभं राहून पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं होतं. लाज जिथे वाटली त्याच वासापाशी त्याला खायला बसवलं. तुमची पंचातली लाज आहे ना, ती घेऊन असंच कुणाच्या तरी चुलीपाशी बसा. तुमचे पाळकसाहेब भले आहेत, मी ओळखते.

आणि मासे किती होते? एकशे त्रेपन्न. या आकड्याचे पंडितांनी नाना अर्थ लावलेत. मला त्यात एवढंच दिसतं, की एवढ्या मोठ्या गोष्टीतसुद्धा कुणीतरी खाली बसून मोजलं. तर तुम्हीही वही घ्या. सोसायटी, बँक, सोनार आणि तो गावातला, चौघांचे आकडे एका पानावर लिहा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. बायको शेजारी बसलेली असू द्या. डोक्यात कर्ज असतं तेव्हा त्याला तळ नसतो, कागदावर आलं की निदान शेवटची ओळ दिसते. तुम्ही फोनवर 'दहा-बारा लाख' म्हणालात, वहीत सात लाख चाळीस हजार निघाले. थोडे नाहीत, पण दहा-बाराही नाहीत.

मग पायपीट. तलाठ्याकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण तलाठी म्हटलं तरी वळून बघतात) पंचनामा झाला का, त्यात तुमचा गट नंबर बरोबर आहे का, ते डोळ्यांनी बघा. बँकेत जाऊन नैसर्गिक आपत्तीमुळे कर्जाचं पुनर्गठन करा म्हणून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. महिना पाच टक्के घेणाऱ्याकडे सावकारीचा परवाना आहे का? महाराष्ट्रात २०१४ पासून त्याचा कायदा आहे. परवाना नसेल तर तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात तक्रार करता येते, आणि जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. एकट्याने जाऊ नका. मंडळीत एक निवृत्त ग्रामसेवक आहेत म्हणालात ना, त्यांना स्कूटरवर मागे बसवा. सरकारी कचेरीत कुठल्या टेबलावर काय मिळतं ते अशा माणसांना पाठ असतं.

तुम्ही परवा पुन्हा फोन केलात आणि म्हणालात, निवडून आठ-दहा गोण्या बऱ्या निघाल्या. त्यातली एक मला पाठवणार होतात. पाठवू नका, विका.

प्रश्न : माझ्या पत्नीला दोन वर्षांपासून नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत आणि आता ती पुष्कळ बरी आहे. आमच्या प्रार्थना गटातले म्हणतात की मरणावर जय मिळवणाऱ्या प्रभूवर खरा विश्वास असेल तर गोळ्या ईस्टरपासून बंद करा. काय करावं? (पिंपरी)

गोळ्या चालू ठेवा. कमी करायच्या, बदलायच्या की थांबवायच्या हे तिचे डॉक्टर ठरवतील, आणि तेही हळूहळू. अशी औषधं एकदम सोडली की चक्कर येते, झोप उडते, जीव घाबरतो, आणि दबलेला आजार उलटून येतो. ईस्टरला रुग्ण दाखल करून घेताना मी सिस्टर म्हणून किती घरं रडताना बघितलीत ते लिहीत बसत नाही.

गटातल्या त्या बंधूंना बीपीची किंवा शुगरची गोळी चालू आहे का, तेवढं प्रेमाने विचारा. ती ते ईस्टरपासून सोडतायत का, हेही.

आणि शास्त्रच हवं असेल तर शुभवर्तमानातलं याईर नावाच्या माणसाच्या मुलीचं वाचा. मेलेली पोर उठून चालायला लागली. लोक थक्क होऊन बघत राहिले, आणि प्रभू म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या. चमत्कार झाल्यावर पोटाची आठवण एकट्या त्यालाच राहिली. मेलेल्या लाजराला उठवताना त्याने कबरेची धोंड काढायला माणसांना लावलं, बांधलेली फडकी सोडायलाही माणसांनाच लावलं. हाक मारली तेवढी त्याने. आपल्या वाटणीचं काम त्याने आपल्याकडेच ठेवलं, आणि त्या कामात डॉक्टर येतात, मेडिकलवाला येतो, रोज रात्री जेवणानंतर पाण्याचा ग्लास आणून देणारे तुम्हीही येता.

गोळी घेतल्यावर तिला सकाळी सुस्ती येते असं लिहिलंत. पहाटेच्या उपासनेला ओढत नेऊ नका. नऊच्या उपासनेलाही प्रभू उठलेलाच असतो.

प्रश्न : सिस्टर आजी, येशू जिवंत झाला तर त्याच्या हाताची भोकं का बुजली नाहीत? देवाला सगळं येतं ना? संडे स्कूलच्या टीचर म्हणाल्या, असं विचारायचं नाही. (इयत्ता ४ थी, सोलापूर)

तुझ्या प्रश्नासाठी मी माझी जागा राखून ठेवली होती, म्हणून तू शेवटी.

थोमा नावाचा शिष्य होता, त्यालाही तुझ्यासारखंच वाटलं होतं. बाकीचे म्हणाले, आम्ही प्रभूला पाहिलं. तो म्हणाला, खिळ्यांच्या जागी बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी दारं बंद असताना येशू आला आणि सरळ थोमाला म्हणाला, इकडे आण बोट. रागावला नाही. आणि बघ हं, त्याने चेहरा दाखवून ओळख पटवली नाही. खुणा दाखवल्या.

का ठेवल्या, ते मला पक्कं सांगता येत नाही. माझ्या डाव्या हातावर कोपराखाली एक लांबट चट्टा आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सुया-कात्र्या उकळायच्या भांड्याचं झाकण घाईत उचललं आणि वाफ लागली. आता तिथे दुखत नाही, पण तिथली कातडी गुळगुळीत आहे, बाकी हातासारखी नाही. यजमान शेवटी शेवटी फार आजारी होते, दृष्टी गेली होती, माणसं ओळखू यायची नाहीत. मी जवळ बसले की ते माझा हात चाचपायचे, त्यांचं बोट त्या चट्ट्यावर यायचं, आणि मग म्हणायचे, "आलीस का?"

तुझ्या गुडघ्यावर एखादी खूण आहे का? कशाने झाली ते मला लिहून कळव. टीचरना माझा सलाम सांग आणि हा प्रश्न त्यांना पुन्हा विचार. वर्ग सुटल्यावर विचार म्हणजे झालं.